दातातलं दाभण

बायको जाऊन दीड महिना झाला होता. पोती शिवणारा अजून एकदाही रडला नव्हता. तो उंदीर मारत होता.

फाटकी पोती आणायची आणि शिवून परत द्यायची, हा नवरा-बायकोचा धंदा. ती सुतळी दातानं तोडायची. कात्री शेजारी असली तरी म्हणायची, "कात्री हुडकेपर्यंत माझं दुसरं पोतं होतं." पोत्यांवर उंदीर मुततात हे दोघांनाही ठाऊक होतं. पण रोजच्या कामाची भीती किती दिवस बाळगणार? ताप आला तो तिनं चार दिवस अंगावर काढला. पाचव्या दिवशी डोळे हळदीसारखे पिवळे झाले, लघवी बंद झाली. डॉक्टर म्हणाले, "लेप्टो आहे. उंदरांच्या मुतातून होतो. इतके दिवस काय करत होतात?"

आता लेक शिवायला बसे. हातात रबरी मोजे, गळ्यात सुतळीला बांधलेली कात्री. ती बाहेर नळावर गेली होती, तेवढ्यात भर दुपारी कोपऱ्यातली पोत्यांची थप्पी हलली.

हातातलं पोतं त्यानं टाकलं, दाभण सवयीनं दातात धरलं आणि पहार उचलली. वरची पोती ओढली तशी घूस उडी मारून निघाली. पहिला घाव फरशीवर बसला. दुसऱ्या घावात तिचं कंबरडं मोडलं. ती पुढच्या पायांवर सरपटत राहिली. त्यानं शेपटी धरून उचलली, तर तिनं वळून अंगठ्याचा लचका तोडला. मग तो तिला भिंतीवर आपटतच राहिला. हातात नुसतं कातडं लोंबायला लागलं तरी थांबला नाही. खाली पिलं होती, गुलाबी, डोळेही न उघडलेली. तीही त्यानं टाचेखाली चिरडली. रक्त गुडघ्यापर्यंत उडालं.

"बाबा! अहो, मेली ती!" दारात लेक ओरडली.

त्यानं वळून "हं" केलं. दाभण दातातच होतं.

लेकीनं पुढे होऊन फाडकन त्याच्या तोंडावर मारलं. दाभण लांब जाऊन पडलं, त्याचा ओठ फाटला.

"बापावर हात टाकतेस?"

"कुठल्या पोत्यातून काढलंत ते?"

तो थप्पीकडे बघत राहिला. "सवय गं. दोन्ही हात मोकळे लागतात."

"आईचीही सवयच होती."

तिनं त्याचा अंगठा साबण लावून नळाखाली धरला, चूळ भरायला लावली.

"एवढ्यानं काही होत नाही. उद्या बघू."

"तेव्हा चार दिवस मीही 'उद्या बघू' म्हणत होते." तिनं त्याची कॉलर धरली. तो दाराच्या चौकटीला हात घालून अडला, तिनं बोटं एकेक करून सोडवली आणि त्याला फरफटत दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी विचारलं, "ताप कधीपासून आहे?"

"अजून आलाच नाही. म्हणून तर आणलंय," लेक म्हणाली.

पोती शिवणारा ओठावर बोळा दाबून बसला होता. त्याचे खांदे हलायला लागले.

"हिच्या आईलाही," तो म्हणाला, "असंच फरफटत आणायला हवं होतं मी."