कण्हेरमळ्याचा काढा

कण्हेरमळ्यात त्या सकाळी मुंगी शिरायला जागा नव्हती. सांगवी, कोऱ्हाळ्यापासून माणसं आली होती. मंडपात फुलराज महाराज, शेजारी कण्हेरीच्या काढ्याचं पातेलं आणि नुकताच काढा प्यायलेल्या संभाजीतात्यांच्या बोटाला नाडी मोजणारा ऑक्सिमीटर. महाराज सुधारलेले होते ना!

"गावाच्या नावातच कण्हेर! दुसऱ्या गावांनी दवाखाने बांधले, तुम्हाला देवीआईनं औषध बांधावर दिलंय. बघा, धडधडणारं काळीज कसं शांत झालं!" महाराज गरजले.

नाडीचा आकडा खरंच उतरला होता. टाळ्या कडाडल्या.

प्रमोदिनी मात्र शेजारी बसलेल्या सासूकडं वळली. मळ्यातल्या शाळेची ती शिक्षिका. तिची सासू ठमाबाई गोळ्या बंद करून आठवडाभर हाच काढा पीत होती. आता तिला ओकाऱ्या होत होत्या, डोळ्यांपुढं पिवळं दिसत होतं. सोमवारी जोतीरामआबा हाच काढा पिऊन असेच ओकून ओकून गेले, तर महाराज म्हणाले, "आईनं जवळ केलं." आणि लोकांनी माना डोलावल्या!

"आत्या, दवाखान्यात चला," ती सासूला म्हणाली.

"आईचं औषध टाकून मी न्हाय यायची."

प्रमोदिनी तडक घरी गेली आणि ठमाबाईची शेळी सोडून मंडपात घेऊन आली. तिनं शेळीपुढं घासाची पेंढी धरली. शेळीनं ती मटकावली. मग महाराजांच्या टोपलीतली कण्हेरीची डहाळी धरली. शेळीनं हुंगून तोंड फिरवलं.

"जनावराला भक्ती काय कळणार?" महाराज हसले.

"आत्या, आपल्या उसाच्या बांधाला कण्हेर कुणी लावली?"

"मीच. शेरडं तोंड लावत न्हाईत म्हनून."

"का लावत नाहीत?"

ठमाबाईचा चेहरा उतरला. "इख असतंय त्यात..." ती पुटपुटली.

प्रमोदिनीनं सासूचा काढ्याचा पेला महाराजांपुढं धरला. "घ्या, घोटभर." "माझा काढा ह्यात आहे," म्हणत महाराजांनी घाईनं आपला तांब्या उचलला. तिनं तो हिसकावून तात्यांच्या नाकाशी नेला.

"आरं, ह्यात तर आलं आन् तुळस हाय!" तात्या ओरडले.

"कण्हेरीच्या विषानं नाडी मंदावते," प्रमोदिनी म्हणाली. "आकडा उतरतोय तो काळीज बंद पडायला निघालंय म्हणून."

ठमाबाईनं मुलाला हाक मारली. "रणजित, गाडी काढ. तात्यालाबी घे."

दोघंही बारामतीच्या दवाखान्यात वाचली. महाराजांना लोकांनी पोलिसांच्या हवाली केलं.

पुढच्या आठवड्यात जोतीरामआबांची बायको सारजाबाई शाळेच्या दारात येऊन उभी राहिली.

"बाई, शेळी सोमवारच्या आत का न्हाय आनली?"

प्रमोदिनीला शंका आधीच आली होती, पण गावाच्या श्रद्धेला कशाला दुखवा म्हणून ती गप्प बसली होती.

चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी प्रश्न विचारा. आणि तो त्याच दिवशी विचारा.