पट्ट्यावरचं पीक

धाकटीची गिटार जोरात वाजायची, फक्त तिच्या हातात पिक टिकत नव्हतं. तारा छेडायची ती बदामाएवढी प्लास्टिकची चकती, गाणं ऐन रंगात आलं की घामेजल्या बोटांतून सुळकन निसटायची. कधी सोफ्याखाली जायची, कधी थेट गिटारच्या पोटात. मग गिटार उलटी धरून गदागदा हलवणं आलं. परवा तर नवऱ्यानं वॉशिंग मशीनमधून तीन पिकं काढली आणि जेवताना सगळ्यांना दाखवली. "यंदा पीक बरं आलंय," तो म्हणाला, आणि सासूबाई हसून हसून ठसकल्या.

एरवी धाकटीही हसली असती. पण रविवारी कार्यक्रम होता. गल्लीच्या टोकाला वाचनालयाची नवी इमारत उभी राहिली होती, तिच्या उद्घाटनात या घरातल्या तिघींना सकाळी अकराला वीस मिनिटं मिळाली होती. थोरली जाऊ ड्रमवर, नणंद गाणार आणि धाकटी गिटारवर. घराबाहेर त्या पहिल्यांदाच वाजवणार होत्या. तिसऱ्या गाण्याच्या मध्यात गिटारचा असा काही धावता तुकडा होता की तिथं पिक पडलं तर सगळंच मुसळ केरात.

तिनं बाजारातून गिटारला चिकटवायची एक रबरी खाच आणली. त्यात चार पिकं राहायची. मागचा कागद सोलून ती आता लावणार, तोच सासऱ्यांनी हात आडवा घातला.

"थांब पोरी. आधी मला दे ती."

सासऱ्यांची उभी हयात लाकडी सामानाला पॉलिश करण्यात गेली होती. ही गिटारही त्यांचीच. तरुणपणी एका गिऱ्हाइकानं फुटकी म्हणून टाकून दिलेली त्यांनी उचलून आणली, जोडली आणि महिनाभर बोळ्यानं लाखेचे हात देऊन आरशासारखी चकचकीत केली. त्यांनी तशाच पॉलिशचा एक फळकुटाचा तुकडा शोधला, त्यावर ती खाच चिकटवली आणि उन्हात खिडकीत ठेवली. दोन दिवसांनी ओढून काढली तर नाण्याएवढं पॉलिश सोबत निघून आलं. खाली कोरडं, फिकं लाकूड.

धाकटीनं त्या जागेवरून बोट फिरवलं. "बाबा, हे गिटारवर झालं असतं."

"झालं नाही ना? मग झालं. लाकडाला हात न लावता काय करता येईल ते बघ. शिवणकाम तुझं, माझं नाही."

हे खरंच होतं. धाकटी गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या कारखान्यात होती. दिवसभर जाड रेक्झिन मशीनखाली सरकवायची. आणि गिटारला पट्टा होता की! खांद्यावरून जाणारा, रुंद, कापडी. हे आधी का सुचलं नाही म्हणून तिनं स्वतःच्याच कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं रेक्झिनच्या चिंधीतून खिसा कापला, त्याला टिचबटण लावलं आणि घरी येऊन ऐटीत दाखवला. सासऱ्यांनी बटणावरून अंगठा फिरवला.

"गिटार पेटीत ठेवलीस की पट्टा तिच्यावरच पडणार. हे धातूचं बटण तिथं घासणार."

बटण गेलं. नुसता खिसा उरला, तर त्यातून पिक काढायला दोन बोटं आत खुपसावी लागायची, तोवर गाणं पुढच्या कडव्यात. मग तिनं खिसाच काढून टाकला. इलॅस्टिकची अरुंद पट्टी घेतली आणि बोटभर अंतरावर टाके घालून चार घरं केली. प्रत्येक घरात एक पिक, अर्धं बाहेर डोकावणारं. मागून मऊ बनातीचं अस्तर. ओढलं की पिक हातात. तिला इतका आनंद झाला की कारखान्यातल्या मुकादमबाईंनाही तिनं चारदा ओढून दाखवलं.

पण घरी ती पट्ट्यावर टाचून उभ्यानं वाजवायला लागली तर हात पट्टी शोधत खांद्यापर्यंत भरकटू लागला. मान वळवून पाहावं लागे, आणि पाहिलं की ताल चुके.

थोरली बस चालवायची. ड्रमच्या काठ्या खाली ठेवून ती म्हणाली, "मी काय गिअर बघून टाकते? हात आपला आपण जातो. तू जागा चुकीची निवडलीस. डोळे मीट."

धाकटीनं डोळे मिटले.

"वाजव. आता पिक पडलं असं समज. हात ने."

हात गेला तो छातीच्या जरा खाली, उजवीकडे. थोरलीनं तिथंच खडूनं खूण केली. पुन्हा डोळे मीट, पुन्हा वाजव. सहा वेळा केलं, सहाही वेळा बोटं त्या खुणेवर. तोवर नणंदेनं पट्टीचा जुना धावदोरा उसवून टाकला होता. ती शाळेत गणित शिकवायची, आणि गणिताच्या बाईंना घाई फार.

"शिव लवकर," ती म्हणाली. "मला आत्ताच्या आत्ता तिसरं गाणं म्हणायचंय."

रविवारी वाचनालयाचं सभागृह गच्च भरलं. खुर्च्या संपल्या तशी माणसं कपाटांना टेकून उभी राहिली. धाकटीच्या तळव्यांना घाम सुटला होता. पहिली दोन गाणी मात्र अशी गेली की तिला ती सुरू झाल्याचंही कळलं नाही. तिसरं आलं. थोरलीनं ठेका चढवला, धावता तुकडा सुरू झाला आणि चौथ्याच फेरीला पिक उडालं, पहिल्या रांगेतल्या आजोबांच्या मांडीवर जाऊन पडलं.

हात आपला आपण गेला. नवं पिक बोटांत आलं, मधला एक ठोका ड्रमनं भरून काढला आणि गाणं पुढं धावलं. लोकांना पत्ताही नाही. पुढच्या वळणावर तेही पिक कडकन मोडलं. पुन्हा हात गेला, पुन्हा पिक आलं. आता धाकटीला हसू आवरेना. भीती कुठल्या कुठं पळाली होती. पिक पडलं तर काय, या विचारानं महिनाभर आखडून वाजवणारी ती आता मनगट सैल सोडून असं वाजवायला लागली की नणंदेनं गाता गाता वळून पाहिलं.

टाळ्या थांबेनात. खाली उतरल्यावर पुढच्या मंडळातला एक दाढीवाला गिटारवाला लगबगीनं आला.

"ताई, पट्ट्यावरचं ते कुठं मिळतं?"

"मिळत नाही," थोरलीनं परस्पर उत्तर दिलं. "आमच्या घरात शिवतात."

तेवढ्यात ग्रंथपालबाई धापा टाकत आल्या. पाहुणे वाटेत अडकले होते, आणखी दहा मिनिटं कुणी वाजवेल का?

"आमच्याकडं बसवलेलं काहीच उरलं नाही," नणंद म्हणाली.

"भांडी घासताना म्हणतो ते?" धाकटीनं विचारलं.

"ते कधी वाजवलंय आपण?"

"आज वाजवू," धाकटी म्हणाली आणि दोघींचा विचार ठरायच्या आत मंचाच्या पायऱ्या चढू लागली.