ओटीतली लेकरं

मला लोक तोंडाळ म्हणतात. म्हणोत. आमचे हे परभणीला शाळेत मास्तर होते. ते गेल्यावर थोडंफार वाचायला शिकवलेलं डोकं आणि हे तोंड, एवढंच घेऊन मी वालूरला धाकट्या भावाकडे, बन्सीधरकडे राहायला आले. त्याच्या घरात बोलणारे पुष्कळ होते. बोलत नव्हती ती एकटी धुरपता. तिची वाचा परत यावी म्हणून मी जिवाचं रान केलं, आणि वाचा आली तेव्हा काय झालं ते आठवलं की अजून मला कुणाचं तोंड बघावंसं वाटत नाही.

धुरपता बन्सीधरची थोरली, बारा वर्षांची. चैत्रात तिची आई पार्वती शेतावर निघताना तिला म्हणाली होती, "दिनूला सांभाळ गं." दिनू धाकटा, नुकता पाच वर्षांचा झालेला, एका जागी म्हणून ठरायचा नाही. पोरगी बारवेवर भांडी घासायला गेली तेव्हा त्यालाही घेऊन गेली. खालच्या पायऱ्यांवर शेवाळ होतं. पुढे काय झालं ते कुणीच पाहिलं नाही. माणसं धावत गेली तेव्हा धुरपता कमरेएवढ्या पाण्यात उभी होती आणि दिनू कुठे दिसत नव्हता.

त्याला काढून अंगणात ठेवला. पार्वती शेतातून आली. तिने आधी लेकाकडे पाहिलं, मग लेकीकडे, आणि म्हणाली, "तुला सांभाळायला सांगितलं होतं नं?"

त्यानंतर धुरपताच्या तोंडून शब्द निघाला नाही. ती रडलीही नाही. भरवलं तर खायची, नाहीतर ताटावर माशा बसेपर्यंत बघत राहायची. एवढ्या मोठ्या पोरीचं अंथरूण ओलं व्हायला लागलं. उजव्या हाताची मूठ तिने जी मिटली ती आंघोळ घालतानाही उघडेना. मी बोटं सोडवायला गेले की डोळे असे करायची की मलाच हात मागे घ्यावा लागे.

बन्सीधरने गावातल्या लिंबाजी भगताला बोलावलं. त्याने लांबूनच पाहिलं आणि निवाडा दिला, "पोराचं वारं बसलंय हिच्यावर." मग मिरच्यांची धुरी झाली, लिंबाच्या डहाळीने मार झाला. पोरीच्या पाठीवर वळ उठले तरी तिने हूं की चूं केलं नाही. मी त्याच्या हातातली डहाळी ओढून चुलीत घातली तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "आक्का, घरात तुमचा शब्द चालत असंल. देवाच्या कामात चालत न्हाई."

मी भावाशी भांडून पोरीला बैलगाडीतून सेलूला आणि तिथून आगगाडीने परभणीला नेलं. दवाखान्यातल्या डॉक्टरने तिची जीभ पाहिली, डोळे पाहिले, माझ्याकडून सगळी हकिकत ऐकून घेतली. माणूस भला होता, पण भलेपणाने काय होतं? "बाई, हड्डी टूटी होती तो मैं जोड़ देता," तो म्हणाला. "बच्चों के ऐसे मर्ज़ का इलाज इधर कहीं नहीं. हैदराबाद में पागलखाना है, मगर वहाँ इस बच्ची को नक्को भेजो." त्याने झोपेच्या औषधाची बाटली दिली. निजामाच्या एवढ्या मोठ्या राज्यात घाबरलेल्या लेकरासाठी तेवढीच बाटली होती.

ती बाटली मी परतताना गाडीतूनच फेकून दिली आणि ठरवलं, आता आपणच.

आपण म्हणजे काय करणार? मी रोज दुपारी तिला शेजारी घेऊन वाती वळत बसायची आणि बोलायची. तोंडाळपणाचा त्या दिवसांत पहिल्यांदा काही उपयोग झाला. शेजारणीच्या कागाळ्या, आमच्या ह्यांच्या शाळेतल्या गमती, काय वाटेल ते सांगायची. दिनूचंही सांगायची. घरात त्याचं नाव कुणी काढत नव्हतं. मी मात्र त्याने लिंबाजीच्या पागोट्यात सरडा कसा सोडला तेही सांगितलं. धुरपता ऐकत असे की नाही, देव जाणे.

श्रावणात एकदा माझ्यासमोरच्या कापसाकडे तिचा हात आला. मूठ उघडली. तिने कापसाची वात वळली, वाकडीतिकडी, आणि माझ्या वातींच्या ढिगावर ठेवली. मी पदराने तोंड दाबून धरलं, नाहीतर ओरडलेच असते. पुढे मी तहान लागली म्हटलं की ती उठून तांब्या आणू लागली. पोळ्यानंतर तिचे ओठ हलायला लागले, नुसतेच.

मग मी पार्वतीला गाठलं. "तुझं ते बोलणं तिच्या नरड्यात अडकलंय. तूच काढ. पोटाशी धर आणि म्हण, तुझी चूक न्हाई."

पार्वती भाकरी थापत होती, ती थांबली. "म्हणायला जाते वन्सं. लय येळा गेले. पण तिच्याकडं बघितलं की मला दिनूच दिसायलाय. तोंड उघडत न्हाई माझं."

मला राग आला आणि तिची कीवही आली. आपलं पोर गेलेल्या बाईला काय बोलणार? "दसरा होऊ द्या," ती म्हणाली, "मी म्हणते." मी ते धरून बसले. धुरपताला बरं करायला जगात एकच औषध होतं आणि ते तिच्या आईच्या तोंडात होतं.

त्या वर्षी सगळा मुलूखच भेदरलेला होता. इंग्रज गेले होते, आमच्याकडे निजामाचं राज्य तसंच होतं, आणि रोज नवी अफवा यायची. कितीतरी घरांतली तरणी पोरं निजामाशी लढायला सरहद्दीपलीकडे निघून गेली होती. ती कधी येणार, येणार की नाही, हे विचारायला माणसांना कुणी उरलं नव्हतं.

नवरात्रात आमच्या ओसरीवर घट बसला. ललिता पंचमीला आराधी बायका आल्या, संबळ वाजू लागला, गल्लीतली सगळी माणसं जमली. धुरपता माझ्याजवळ बसली होती. घटापाशी पाणी सांडून फरशी ओली झाली होती, आणि शेजारच्या कमलबाईचं दुडदुडतं पोर त्यावरून घसरलं.

"धरा त्याला!"

धुरपताचा आवाज! ती उठून उभी राहिली होती, केस सुटले होते, अंग थरथरत होतं. "म्या सोडला न्हाई! लय घट्ट धरला होता! शेवाळ होतं, त्याचा हात सुटला! मला भ्या वाटायलंय!"

एवढ्या महिन्यांचं सगळं एकदम बाहेर आलं. मी तिला कवटाळायला धावले. पण माझ्याआधी संबळ पोचला. वाजवणाऱ्याने जोर धरला, बायकांनी गजर केला, आणि लिंबाजी दोन्ही हात वर करून ओरडला, "आली! माय आली!"

"अरे मुडद्या, पोरगी बोलायलीय!" मी किंचाळले. "माय न्हाई, पोरगी हाय ती!"

कोण ऐकतो? त्यांना देवी हवी होती, आणि आमच्याकडे ती अशीच येते, केस सोडून, थरथरत. लिंबाजीने तिच्या कपाळाला मळवट भरला आणि विचारलं, "कुणाचा हात सुटला, माय? गावावरचा तुझा हात सुटला का? कशाचं भ्या दाखवायलीस?" मी पुढे घुसले तर बायकांनी मला धरलं. अंगात आलेल्या बाईपुढे विधवा चालत नाही. शेवटी सख्ख्या भावाने मला दंडाला धरून उंबऱ्याबाहेर काढलं. "आक्का, अपशकुन करू नका," बन्सीधर म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यालाही तेच खरं वाटत होतं.

उंबऱ्याबाहेरून मी सगळं पाहिलं. आमच्याकडे देवी आलेल्या बाईच्या ओटीत लेकरू घालतात. मग ते देवीचं झालं, त्याला काही होत नाही. कमलबाईने आपलं घसरलेलं पोर उचललं, पाटावर बसवलेल्या धुरपताच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "सांभाळ गं माय."

सांभाळ! त्या पोरीला! धुरपताचा चेहरा पांढराफटक पडला. ती मला शोधू लागली, मी दिसले नाही. मग तिला आई दिसली.

माणसांनी पार्वतीला वाट करून दिली. मला वाटलं, आता. कसंही का होईना, आता ही तिला जवळ घेणार.

"आई," धुरपता म्हणाली. संबळ थांबला होता, सगळ्यांनी ऐकलं. "आई, मी धुरपता हाय."

पार्वती गुडघ्यांवर बसली आणि तिने लेकीच्या पायांवर डोकं ठेवलं. "माझा दिनू तुझ्यापाशी हाय नं, माय? त्याला सांभाळ. माझं काई चुकलं असंल तर पदरात घे."

"आई, उठ की. मला जवळ घे की."

पार्वतीने पाय आणखी घट्ट धरले. धुरपता आईच्या पाठीकडे बघत राहिली. मग तिने तोंड मिटलं, ते आजतागायत.

आता ओसरीचं देवघर झालं आहे. मंगळवारी, शुक्रवारी पार पाथरीकडून माणसं येतात आणि आपल्या पोरांची खुशाली विचारतात. ती बोलत नाही, तर लिंबाजी सांगतो की मायनं मौन धरलंय, आणि गर्दी वाढते. मी उंबऱ्याबाहेर वाती वळत बसते आणि मोठ्याने शेजारणीच्या कागाळ्या सांगते. ती मान वळवत नाही.

पार्वती मात्र बोलायला लागली आहे. रोज सकाळी पाटासमोर बसून मनातलं सगळं सांगते, आणि तिला झोपही लागते म्हणे. मी एकदा तिला म्हटलं, "दसरा होऊन गेला, पार्वती. ते म्हणायचं राहिलंय तुझं."

ती म्हणाली, "आता कसं म्हणू, वन्सं? तुझी चूक न्हाई असं देवीला सांगणारी मी कोण?"

मला ओरडायचं होतं. मी वाती घेऊन पुन्हा उंबऱ्याबाहेर जाऊन बसले.

बायका रोज लेकरं आणतात. कुणाचं तान्हं, कुणाचं रांगतं, धुरपताच्या मांडीवर ठेवतात आणि सांभाळ गं माय म्हणतात. ती समोर कुठेही न बघता त्या लेकराचा हात आपल्या उजव्या मुठीत धरते. लेकरू रडायला लागतं, तरी धरून ठेवते. आई घ्यायला आली की तिची बोटं एकेक करून सोडवावी लागतात, आणि त्या भाबड्या बाया हात जोडून म्हणतात, केवढी माया लावली हो देवीनं, सोडवत न्हाई तिला.