दुखतंय म्हणायचं

“असं नाही. शेजारणीला निरोप सांगतेयस का? दुखतंय म्हण, पण दुखल्यासारखं म्हण.”

दातांच्या सरकारी दवाखान्याबाहेर, बाकावर बसून टाकेवाली आपल्या लेकीची तालीम घेत होती. लेक नुकती वयात आलेली, आणि तिच्या समोरच्या दाताच्या कडेला एक काळी रेघ उमटली होती. तिनं गालावर हात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाली, “खूप दुखतंय.”

“हां,” टाकेवाली म्हणाली, “आता कसं.”

ही शिकवणी वसाहतीत घरोघर चालत असे. लढाईतून जीव घेऊन पळालेल्या या माणसांना इथल्या सरकारनं डोक्यावर पत्रा दिला होता आणि हातात पिवळं कार्ड. ते कार्ड दवाखान्याच्या खिडकीत सरकवलं की आतली बाई एकच प्रश्न विचारी, दुखतंय का? नाही म्हणणाऱ्याला ती तिथूनच परत पाठवी. पिवळ्या कार्डावर इलाज फक्त वेदनेवर, असा नियमच होता. “रडल्याशिवाय सख्खी आई दूध पाजत नाही, ही तर सावत्र,” असं शेजारीण म्हणायची. या शेजारणीला सगळे रेडिओ म्हणत, कारण तिला बंद करायचं बटण कुणालाच सापडलं नव्हतं.

टाकेवाली कपडे दुरुस्तीच्या दुकानात मागच्या खोलीत बसून लोकांच्या पँट आखूड करी. पूर्वी ती दोरा दातानंच तोडायची. कात्री हुडकत कोण बसतंय! आता कात्री नाडीला बांधून गळ्यात अडकवलेली असे. इथं आल्यापासून तिचे पुढचे दात एकामागून एक गेले होते. दर वेळी ती ठणका घेऊन यायची आणि खळगा घेऊन जायची. चूक आपलीच, असं तिला वाटे. आपण फार उशिरा येतो, दात मरणाला टेकल्यावर डॉक्टर तरी काय करणार? हसू आलं की तिचा हात आपोआप तोंडावर जाई. म्हणूनच लेकीची काळी रेघ दिसताच ती तिला घेऊन आली होती. वेळेवर. दुखायच्या आधी.

खिडकीशी लेकीनं दुखणं झकास वठवलं. आत खुर्चीतही तेच. डॉक्टर तरुण होता, थकलेला, बोलायला मऊ. त्यानं छोट्या आरशात दात पाहिला आणि नर्सला इंजेक्शन भरायला सांगितलं. ट्रेमधली पकड टाकेवालीच्या चांगल्याच ओळखीची होती.

“काढणार?” ती म्हणाली. “अहो, एवढीशी तर रेघ आहे. सिमेंट भरा ना.”

भरता आला असता, असं डॉक्टर म्हणाला. सामान याच कपाटात होतं, इथल्या मुलांचे दात तो रोज भरत होता. पण पिवळ्या कार्डात भरणं बसत नाही. वेदना थांबवायची, बस. आणि दात काढला की वेदना थांबते.

टाकेवालीचा हात तोंडावर गेला. “म्हणजे माझेही भरता आले असते?”

डॉक्टर हातमोजा ओढून नीट करत राहिला. “सगळे नाही,” तो म्हणाला.

टाकेवालीला बरंच काही सुनवायचं होतं. मान उडवली की डोकेदुखीही थांबते, तो इलाज यांना अजून कसा सुचला नाही? या देशाच्या वेशीवर आपण दाती तृण धरून उभे राहिलो, यांनी तृण तर घेतलंच, वर दातही ठेवून घेतले. पण ही भाषा तिला मोजकीच येत होती, आणि शिव्या तर कुणी शिकवल्याच नव्हत्या. तिनं लेकीचा दंड धरला.

“ऊठ गं. डॉक्टर, हिला काही दुखत नाही. मी पढवून आणलीय. नाही म्हटलं तर तुमची ती बाई आत सोडत नाही, म्हणून. खोटारडी आहे म्हणून लिहून ठेवा हवं तर.”

लेक उठली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“आई,” ती हळूच म्हणाली, “मघाशी म्हटलं ते खरंच होतं गं. रात्री झोपच लागत नाही. तुला कळलं तर तू रडशील, म्हणून बोलले नाही.”

पैसे भरते, असं टाकेवालीनं सांगून पाहिलं. इथं पैसे घेता येत नाहीत, असं डॉक्टर म्हणाला. आणि जिथं घेतात तिथला आकडा त्यानं सांगितला. तेवढं जमवायला तिला किती तरी पँट आखूड कराव्या लागल्या असत्या, आणि लेकीला आज रात्री झोपायचं होतं.

तिनं दंड सोडला आणि लेकीचा पंजा हातात घेतला.

“काढा,” ती म्हणाली.

तो आवाज तिला आतून ठाऊक होता. अख्खी कवटी हलायची तेव्हा. बाहेरून तो फारच लहान निघाला. सुतळी तुटावी एवढा.

संध्याकाळी रेडिओ वाडग्यात काहीतरी मऊसूत शिजवून घेऊन आली. लेकीला बघून क्षणभर तीसुद्धा बंद पडली. मग पलंगाच्या कडेला टेकत म्हणाली, “सरकारजवळ आता आपले एवढे दात जमलेत, की एक दिवस आपल्यालाच चावेल बघ ते.”

“चावतंयच की कधीचं,” टाकेवाली म्हणाली.

लेकीला हसू फुटलं, आणि त्यासरशी तिचा हात तोंडावर गेला. चारी बोटं जुळलेली, पंजा जरासा तिरका. हुबेहूब आईसारखा. याची तालीम मात्र कुणी घेतली नव्हती.

टाकेवालीचा स्वतःचा हातही अर्ध्यावर आला होता. तिनं तो तिथंच थांबवला, खाली आणला आणि मांडीवर ठेवून दुसऱ्या हातानं दाबून धरला. मग ती हसली. तोंड भरून, सगळे खळगे दिसतील अशी, बाहेरच्या गल्लीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

लेक तिच्याकडे बघत राहिली. तिचा हात अजून तोंडावरच होता.