एनेइदामावशींचा झारा

कोलंबियातल्या कार्ताहेनात एनेइदामावशींचा मक्याचे आरेपे तळायचा गाडा आहे. त्याचे व्हिडिओ काढायला त्यांनी मला पगारावर ठेवलं. पहिल्याच दिवशी एका गिऱ्हाइकाने रिवाजाप्रमाणे वर एक फुकट मागितला. मावशी कडाडल्या, "गाडा काय तुझ्या सासऱ्याने टाकून दिलाय मला?" मी तो व्हिडिओ टाकला आणि अख्खं गाव बोलणी खायला रांगेत! पण कौतुकाने मावशी बिघडल्या. गोड बोलू लागल्या, मागेल त्याला फुकट देऊ लागल्या. रांग आटली. माझं डोकंच फिरलं. तेव्हापासून रोज सकाळी मी गुपचूप त्यांचा झारा लपवते, की दिवसभर मावशींच्या तोंडाचा पट्टा सुरू आणि रांग परत.

आज मला उशीर झाला. मावशी कानाशी येऊन कुजबुजल्या, "झारा अजून जागेवरच आहे गं! लपव लवकर, लोक खोळंबलेत."