शिरदाकाखालचं पाणी

बुरुलने टेबलाखाली वाकून सर्व्हरचं झाकण उघडलं, डिस्कची वायर अंगठ्याने दाबून पाहिली आणि गुडघ्यांची धूळ न झटकताच पुन्हा खुर्चीवर बसली. वायर घट्ट होती. घट्ट असणारच, तिनेच बसवली होती. भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा झाले होते. दोन वाजता साहेब, एर्किन सादिरोविच, कागदावर शिक्का मारणार होते, आणि या जलमापन कार्यालयात एकदा शिक्का बसला की तो उठवायला राजधानी बिश्केकहून तीन माणसं यावी लागत.

कागद तिच्या समोरच होता, कारण टाइप तिनेच केला होता. निरीक्षक कापार सोलतोबायेव, सातवं ठाणं. तीन मार्च ते नऊ एप्रिल, अडतीस दिवस गैरहजर. कामावरून कमी करण्यात येत आहे. ठाण्याचं घर पंधरा दिवसांत रिकामं करावं.

दार उघडं होतं. बाहेरच्या बाकावर तेच कापार सकाळी आठपासून बसले होते, कल्पाक, म्हणजे पांढरी लोकरी टोपी, गुडघ्यावर ठेवून. सगळे त्यांना बायके म्हणत, थोरल्या भावाला म्हणतात तसं. माणूस सत्तरीचा, पण बसणं असं की बाकालाच आधार दिलाय.

"बायके, चहा आणू?"

"चहा राहू दे. सापडलं?"

"शोधतेय."

"शोध निवांत. मी कुठे चाललोय? कागदावर तर मी आधीच इथे नाही."

खोऱ्यात सात ठाणी होती. प्रत्येक ठाण्याचा माणूस सकाळी आठ वाजता नदीवर जायचा, पाण्यात रोवलेल्या मोजपट्टीवरचा आकडा बघायचा, पट्टीचा फोटो काढायचा, फोनमध्ये आकडा आणि शेरा भरून पाठवायचा. शेरा म्हणजे गाळ, बर्फ, वाहून आलेलं झाड, असलं काही. सर्व्हरवर प्रत्येक ठाण्याचा एक फोल्डर होता आणि सगळं त्यात येऊन पडायचं. सहा ठाण्यांचं सगळं होतं. सातव्याच्या फोल्डरमध्ये दोन मार्चनंतर एकदम दहा एप्रिल.

"पोहोचल्याची हिरवी खूण फोनवर रोज यायची," एवढंच कापार बायके पहिल्या दिवशी बोलले होते.

"खूण फायलीला लावता येते का?" एर्किन सादिरोविचनी विचारलं होतं. फोन तर पाठवलेलं स्वतःकडे ठेवत नव्हता. बायकेंनी रोजचे आकडे लिहिलेली आपली वही पुढे केली. साहेबांनी ती दोन बोटांनी उलटून पाहिली आणि म्हणाले, वही काय, एका बैठकीतही भरता येते. बायकेंनी वही मिटून कोटात घातली. ती त्यांनी परत कुणालाही दाखवली नाही, बुरुललासुद्धा.

साहेब दुष्ट नव्हते. त्यांना फक्त गोष्टी संपलेल्या आवडत. कोणताही प्रश्न जेवणाच्या सुट्टीपलीकडे जिवंत राहिला की त्यांना अपचन व्हायचं. शिक्का ते कोटाच्या आतल्या खिशात ठेवत आणि बोलताना मधूनमधून बाहेरून चाचपत.

"यंत्र खोटं बोलत नाही, बुरुल एजे," काल ते म्हणाले होते. एजे म्हणजे ताई; ती त्यांच्याहून वयाने मोठी होती.

"विचारल्याशिवाय खरंही बोलत नाही," ती म्हणाली होती.

आता ती विचारत होती. हरवलेली फाइल शोधून झाली होती. तशी फाइल नाही, असं यंत्राने चार वेळा सांगितलं होतं. मग तिने दुसरीकडून सुरुवात केली. घरात पीठ कमी पडलं की ती चोर शोधायची नाही, डबे मोजायची. मोठ्या डिस्कवर एकूण किती जागा भरलीय ते तिने कागदावर लिहिलं. खाली एकेका फोल्डरचं वजन मांडलं आणि बेरीज केली. बेरीज कमी भरली. पुन्हा केली. पुन्हा तेवढीच कमी. डिस्क म्हणत होती, माझ्या पोटात इतकं आहे; फोल्डर म्हणत होते, आमच्याकडे तेवढं नाही. फरक फार नव्हता. साधारण चाळीसएक फोटोंचा.

दुसरं कुणी असतं तर एवढ्याशा फरकाकडे बघून जेवायला गेलं असतं. बुरुलने डब्यातला बोरसोक, तळलेल्या पिठाचा तुकडा, तोंडात टाकला आणि यंत्राची रोजनिशी उघडली. प्रत्येक वेळी सुरू होताना यंत्र काय काय केलं ते त्यात लिहून ठेवतं. तीन मार्च, पहाट. वीज गेली, आली. यंत्र उठलं. दुसरी डिस्क सापडली नाही. पुढे चाललो.

पुढे चाललो. तिचं चावणं थांबलं.

सातव्या ठाण्याचा फोल्डर मोठ्या डिस्कवर नव्हताच. गेल्या वर्षी ती भरत आली, तेव्हा बुरुलने शेवटच्या ठाण्यासाठी वेगळी छोटी डिस्क आणली. मोठ्या डिस्कवर एक रिकामा फोल्डर केला आणि छोटी डिस्क त्याच्यावर माउंट केली. म्हणजे नाव त्या फोल्डरचं, सामान या डिस्कवर. यंत्र उठताना हे आपोआप व्हावं म्हणून यादीत एक ओळ लिहिली. आणि एक मार्चला, मुलीला बिश्केकमध्ये कळा सुरू झाल्याचा फोन आला तेव्हा, अंगात कोट घालता घालता त्या ओळीच्या शेवटी एक शब्द वाढवला. नोफेल. अर्थ एवढाच, की डिस्क नाही लागली तर अडून बसू नकोस, तसाच पुढे चल. नाहीतर यंत्र अडलं असतं, साहेबांनी फोन केला असता, आणि तिला चाळीस दिवस कुणाचा फोन नको होता. पहिली नात होती.

यंत्राने तिचं ऐकलं. डिस्क नव्हती, पण नावाचा रिकामा फोल्डर जागेवर होता. आलेलं सगळं त्याने त्यात टाकलं आणि इमानदारीत हिरवी खूण दिली. दहा एप्रिलला परत आल्यावर, साहेब यायच्या आधी, बुरुलने सवयीने यंत्र एकदा बंद करून चालू केलं. या वेळी डिस्क लागली. आणि जे खाली पडलं होतं त्याच्यावर जाऊन बसली.

तिने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग डिस्क सोडवायची आज्ञा दिली.

यंत्राने नकार दिला. जागा व्यापलेली आहे.

कोण बसलंय ते तिने विचारलं. उत्तरात शेजारच्या खोलीतल्या कॉम्प्युटरचं नाव आलं.

एर्किन सादिरोविच खिडकीशी उभे राहून चहा पीत होते. त्यांच्या पडद्यावर सातव्या ठाण्याचा फोल्डर सकाळपासून उघडा होता. जो येईल त्याला ते मधली रिकामी जागा बोटाने दाखवत.

"तो फोल्डर बंद करा. तुम्ही त्याच्यावर बसला आहात."

"मी उभा आहे."

"तुमचा कॉम्प्युटर बसलाय. खाली काहीतरी आहे, आणि तुम्ही उठल्याशिवाय ते मला काढता येत नाही."

"खाली म्हणजे कुठे? फोल्डरच्या खाली काय असतं?"

बुरुलने त्यांच्या पायांकडे पाहिलं. साहेबांच्या पन्नाशीला सगळ्यांनी मिळून दिलेला शिरदाक तिथे पसरला होता, लाल-निळ्या शिंगांच्या नक्षीचा जाड लोकरी गालिचा. त्याच्याखाली आधीच्या साहेबांचा जुना शिरदाक तसाच होता. तो उचलायची आज्ञा कुणी दिली नव्हती म्हणून कुणी उचलला नव्हता.

"तुमच्याखाली दुसरा शिरदाक आहे, ठाऊक आहे?"

"आहे. मग?"

"त्याच्यावर एखादी किल्ली पडली असेल आणि वर हा पसरला, तर किल्ली गेली कुठे?"

साहेबांनी नकळत पाय बाजूला घेतला. "दोन वाजता मी सही करणार, एजे."

"दोनला अजून वेळ आहे. तेवढी खिडकी बंद करा."

त्यांनी ती बंद केली, पुरावा हातचा जातोय अशा चेहऱ्याने, आणि बघायला तिच्या मागोमाग आले. दारात कापार बायकेही येऊन उभे राहिले. बुरुलने पुन्हा आज्ञा दिली. या वेळी यंत्र काहीच बोललं नाही, म्हणजे कबूल झालं. डिस्क सुटली. फोल्डरचं नाव तेच राहिलं, आतलं सामान बदललं.

तीन मार्च. चार मार्च. पाच मार्च.

साहेबांनी ओठ हलवत मोजले. अडतीस. प्रत्येकाला आकडा, प्रत्येकाला मोजपट्टीचा फोटो. आधी कडांना बर्फ, मग नुसता ओलावा, मग गढूळ पाणी. वेळ कधी आठला तीन मिनिटं कमी, कधी आठ. त्यांचा हात खिशाकडे गेला आणि रिकामाच परत आला.

"शेऱ्यात काय लिहिलंय हे?"

बुरुलने रकाना मोठा केला.

तीन मार्च: कडांना बर्फ. बुरुल, पोहोचलीस का?
सहा मार्च: बर्फ. मुलगी कशी आहे? बाळ कसं आहे?
पंधरा मार्च: वितळतंय. तिकडे थंडी असेल, बाळाला बाहेर काढू नका.
अठ्ठावीस मार्च: गढूळ. नाव काय ठेवलं?

नऊ एप्रिल: पाणी चढतंय. आज चाळीस चमचे.

त्या दिवशी, बाळाच्या चाळिसाव्या दिवशी, सकाळी बिश्केकमध्ये बुरुलने रिवाजाप्रमाणे खरंच चाळीस चमचे पाणी मोजून नातीला न्हाऊ घातलं होतं, आणि मोजताना दोनदा चुकली होती.

"हा सरकारी रकाना आहे, अक्सकाल," साहेब त्या वडीलधाऱ्या माणसाला म्हणाले.

"मला वाटलं ती वाचत असेल," कापार बायके म्हणाले. "मग वाटलं, वेळ मिळत नसेल."

साहेबांनी टेबलावरचा कागद उचलला, दुमडला आणि शिक्क्याच्या शेजारी खिशात घातला. त्यांचा आवाज आता मऊ झाला होता; प्रश्न मरायला टेकला होता. "चला, मिटलं. विजेचा दोष लिहा, एजे. वीज तर गेलीच होती. तिला कोण विचारतंय?"

"वीज सगळ्यांचीच जाते."

"मग डिस्कचा लिहा."

"डिस्क उशिरा उठली. पण पुढे चल असं यंत्राला मी सांगितलं होतं."

"असं लिहिलंत तर ताकीद द्यावी लागेल. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत तुमच्या. कोरी फाइल आहे."

"वीज लिहिली तर बिश्केकवाले म्हणतील, निरीक्षकाने संधी साधली. चूक कुणाची ते लिहिलं, तर बायके हजर होते हे त्यात आपोआप येतं."

"बुरुल," दारातून कापार बायके म्हणाले, "माझ्यासाठी करत असशील तर नको. त्यांनी कागद खिशात घातलाय. मला तेवढं पुरे."

"तुम्ही बसा, बायके. हे काम माझं आहे."

तिने अडतीसही नोंदी उचलून दुसरीकडे ठेवल्या, डिस्क पुन्हा जागेवर लावली, नोंदी तिच्यावर उतरवल्या आणि मोजल्या. मग अहवाल टंकायला बसली. चार ओळी झाल्या. तिसरीत तिचं नाव होतं. नोंदी जोडपत्र म्हणून छापताना साहेब म्हणाले, शेऱ्याचा रकाना वगळा. ती म्हणाली, नोंदीतला भाग वगळायचा तर तसा वेगळा आदेश काढावा लागेल. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. दोनला पाच कमी होते आणि ते जेवलेले नव्हते. त्यांनी शिक्का काढला आणि मारला.

ते गेल्यावर तिने ती यादी उघडली, शेवटच्या शब्दापाशी गेली आणि तो एकेक अक्षर करून पुसला. यापुढे डिस्क लागली नाही तर यंत्र उठणारच नव्हतं; सातही ठाणी ठप्प होतील आणि कुणीतरी तिला फोन करेल, ती कुठेही असली तरी.

बाहेर कापार बायके कल्पाक घालून निघाले होते. वरच्या खोऱ्यात जाणारी मार्शरुत्का, छोटी बस, सव्वादोनची होती. ती जिन्यापर्यंत गेली. ते तीन पायऱ्या उतरले होते.

"अयबीके," ती म्हणाली.

ते थांबले. "काय?"

"नाव. अठ्ठावीस तारखेला विचारलं होतंत."

त्यांनी कोटातून वही काढली, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि जिन्याच्या कठड्यावर वही टेकवली.

"एकदा परत सांग," ते म्हणाले. "नीट लिहून घेतो."