वळणापर्यंतचं पेट्रोल

मित्रांनो, मी एक जुनी राजदूत मोटारसायकल आहे. आमच्या भागात मला मोटारसायकल कुणी म्हणत नाही, फटफटी म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मलाही तेच नाव आवडतं. सध्या माझा मुक्काम मुळशी तालुक्यात, घोटावड्याला, एका गोठ्याच्या कडेला पत्र्याखाली आहे. एका अंगाला म्हैस, दुसऱ्या अंगाला कडबा. म्हशीचं आणि माझं फारसं जमत नाही.

येणारेजाणारे माझ्या टाकीवर थाप मारतात आणि एकच प्रश्न विचारतात, केवढ्याला देणार? माझा मालक जयसिंग सांगतो, सहा हजार. विचारणारा पोट धरून हसतो. हसणारच. आज एकोणनव्वद साली माझ्यासारखीचे बाराशे आले तरी डोक्यावरून पाणी. पण ही सहा हजाराची किंमत कुणी ठरवली आणि का, ते मला ठाऊक आहे. तेच तुम्हाला सांगते. घाई नाही ना? मला तर मुळीच नाही.

माझा जन्म दूर उत्तरेकडच्या कारखान्यात झाला. तिथलं मला फार आठवत नाही. नीट आठवतं ते चौऱ्याहत्तर साल, पुण्यातलं दुकान, आणि माझ्या हँडलला झेंडूची माळ घालणारे भिकाजी. भिकाजी वीज मंडळात वायरमन होते. पौड रस्त्यावर, पिरंगुटच्या पुढे, त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. घरात बायको अनुसया आणि एक लेक. वस्तीतली पहिली फटफटी मीच. भिकाजी मला घेऊन आले तेव्हा सगळी वस्ती बघायला जमली होती, आणि मी अशी काही ऐटीत उभी होते की विचारू नका.

त्या वर्षांत मुळशीच्या गावागावांत वीज येत होती. खांब उभे राहत होते, तारा ओढल्या जात होत्या. माझ्या मागच्या सीटला शिडी बांधून भिकाजी डोंगर चढायचे, ओढे ओलांडायचे. कुठे दिवा गेला की माणसं माझ्या आवाजाकडे कान लावून बसायची. 'आली, वायरमनची फटफटी आली,' असं म्हणत पोरं माझ्यामागे धावायची. कुणी भाकरी द्यायचं, कुणी काकडी. मला कुणी काही दिलं नाही, पण माझं कौतुक व्हायचं, तेवढ्यावर माझं भागायचं.

घराच्या अलीकडे रस्त्याला एक वळण आहे, वडाचं वळण म्हणतात त्याला. संध्याकाळी परत येताना भिकाजी त्या वळणावर एकदा जोरात रेस द्यायचे. माझा आवाज माळावरून थेट घरापर्यंत जायचा. तो ऐकला की अनुसयाबाई स्टोव्हवर चहा टाकायच्या. आम्ही दारात पोचून भिकाजींनी पाय धुतले की चहा तयार. दोन कप. रोजचं होतं ते. तेव्हा मला वाटायचं, हे असंच चालत राहणार. गाडीला आणखी काय कळतं?

एक्क्याऐंशी साली भिकाजींच्या पोटात दुखायला लागलं. पुण्याच्या दवाखान्यात जायचं ठरलं, तर ते माझ्यावर बसून गेले नाहीत, एसटीने गेले. निघताना त्यांनी माझ्या सीटवर हात ठेवला आणि बायकोला म्हणाले की हिच्यावर गोणपाट टाकून ठेव. ते परत आले नाहीत. दारात माणसं जमली, रडारड झाली, पुढे तीही ओसरली. मला कुणी काही सांगितलं नाही. मी आपली रोज संध्याकाळी वाट बघत होते. माझ्या चाकांतली हवा गेली, सायलेन्सरमध्ये कोळ्याने घर केलं. त्या दिवसांइतकं एकटं मला पुन्हा कधी वाटलं नाही, म्हणजे अगदी अलीकडेपर्यंत.

लेक तोवर लग्न होऊन नाशिकला गेली होती. ती आली की आईच्या मागे लागायची, गाडी विकून टाक, उगाच गंजून जाईल. शेवटी अनुसयाबाईंनी पिरंगुटच्या रफीकला बोलावलं. रफीक मेकॅनिक, भिकाजींचा दोस्त, माझी नस न् नस ओळखणारा. त्याने माझं सगळं साफसूफ केलं, हवा भरली, आणि एका पत्र्यावर 'विकणे आहे' असं रंगवून दिलं. बाजारभाव चार हजार आहे, साडेचार सांगा, असं तो म्हणाला. अनुसयाबाई म्हणाल्या, सहा.

सहा हजार! मी खुशीत आले. म्हटलं, बाईला माझी कदर आहे. थोडक्यात काय, मी मूर्ख होते.

दर रविवारी कुणी ना कुणी यायचं. भूगावचा कुणी, पौडचा कुणी. गिऱ्हाईक म्हणायचं, एक चक्कर मारून बघतो. अनुसयाबाई घरातून बाटली आणायच्या आणि तेल मिसळलेलं पेट्रोल माझ्या टाकीत ओतायच्या. किती? वडाच्या वळणापर्यंत जाऊन यायला पुरेल एवढंच. गिऱ्हाईक जायचं, वळणावरून फिरायचं, आणि परत आल्यावर किंमत ऐकून तोंड वाकडं करायचं. तीन म्हणायचं, साडेतीन म्हणायचं. बाई पैसुद्धा कमी करायच्या नाहीत. पण चहा प्यायल्याशिवाय कुणाला जाऊही द्यायच्या नाहीत.

हा चहा आम्ही दारात पोचेपर्यंत तयारच असायचा, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. गिऱ्हाईक आलं म्हणून बाई चहा टाकत नव्हत्या. माझा आवाज वळणावरून घराकडे फिरला की टाकत होत्या. आणि आम्ही आलो की त्या उतरणाऱ्या माणसाकडे आधी बघायच्याच नाहीत, खाली मान घालून कप भरत राहायच्या. मग हळूच वर बघायच्या. ते बघणं मला सोसायचं नाही. पण आठवड्यातून एकदा धावायला मिळायचं, एकदा वळण दिसायचं, म्हणून मीही रविवारची वाट बघायचे. आम्ही दोघी त्याच एका दिवसावर जगत होतो.

मग पंच्याऐंशीच्या सुमाराला नव्या जातीच्या गाड्या आल्या. हलक्या, गुळगुळीत, आणि लिटरभर पेट्रोलमध्ये पार लोणावळ्याला जाऊन येणाऱ्या. आवाज म्हणाल तर शिलाई मशीनएवढा. त्यांच्यापुढे आमची किंमत कोसळली. सहा हजार ऐकून लोक फाटकातूनच परत फिरू लागले, चक्करसुद्धा मारेनात. एक रविवार रिकामा गेला, दुसरा गेला, पुढे पुढे मोजायचंच सोडलं. अनुसयाबाई दारात बसून राहायच्या. बाटली भरलेली, स्टोव्ह थंड.

शेवटी त्यांनी चार हजार सांगायला सुरुवात केली. थोडी माणसं आली, पुन्हा थांबली. मग तीन हजार. तेव्हा रफीक त्यांना जपून म्हणाला, "वहिनी, आता आणखी खाली येऊ नका. कुणीतरी खरंच घेऊन जाईल."

पण रिकामा रविवार बाईंना झेपेना. त्यांनी अडीच हजार सांगायला घेतलं, आणि पुढच्याच रविवारी जयसिंग आला.

घोटावड्याचा हा माणूस सायकलवरून दूध घालायचा. घरोघरचं दूध गोळा करून पिरंगुटला नेईपर्यंत उन्हाळ्यात त्याचं अर्धं दूध नासायचं. त्याला फटफटी हवीच होती. त्याने चक्कर मारली, वळणावरून फिरला, चहा घेतला, किंमत विचारली. बाईंनी अडीच सांगितली. तो म्हणाला, बरं.

रफीक तिथेच उभा होता. त्याने मान खाली घातली. अनुसयाबाईंनी हातातली कपबशी खाली ठेवली. त्या म्हणाल्या, "आरं, कमी कर म्हन की."

"कशाला, मावशी? रास्त हाय."

मग बाईंनी माझी जी निंदा सुरू केली, ती ऐकून माझं इंजिन जळालं. पावसात चालू होत नाही, तेल फार पिते, चढाला दम टाकते. यातलं निम्मं खोटं होतं. जयसिंग शांतपणे ऐकत राहिला आणि म्हणाला की जुनी गाडी म्हटली की एवढं चालायचंच. बाई अडकल्या. चार माणसांत किंमत बोलल्या होत्या, समोरचा कबूल झाला होता. बोललेला शब्द फिरवणं त्या घराला माहीत नव्हतं. त्यांनी कागद आणून दिले, 'विकणे आहे'चा पत्रा उतरवला आणि दारात उभ्या राहिल्या. जयसिंगने किक मारली.

वळण आलं. आजवर प्रत्येक गिऱ्हाईक इथे थांबून फिरलं होतं. जयसिंग फिरला नाही. मी वडाच्या पलीकडे गेले, किती वर्षांनी गेले, आणि मला जराही आनंद झाला नाही.

थोडं पुढे गेले आणि फट् फट् करत बंद पडले. माझा दोष नव्हता. टाकीत होतंच कितीसं? चक्कर मारून उरलेलं, वळणापर्यंतचं पेट्रोल. बिचाऱ्या जयसिंगने टाकी हलवून पाहिली, कपाळावर हात मारला, आणि जवळ दुसरं घर नाही म्हणून मला ढकलत मागे आणायला लागला. वळण पुन्हा आलं. मी घराकडे फिरले, पण मुकी. मला ओरडावंसं वाटत होतं, आम्ही येतोय म्हणून. गाडी बंद असली की तिला आवाज कुठला?

दारात पोचलो तेव्हा अनुसयाबाई ओट्यावर बसल्या होत्या. समोर दोन कप चहा भरून ठेवलेले. वर साय धरली होती. त्या वळणाकडे कान लावून बसल्या होत्या, आणि आम्ही पुढ्यात येऊन उभे राहिलो तरी त्यांना कळलं नव्हतं. जयसिंग खाकरला तशा दचकल्या.

त्याने कपांकडे बघितलं आणि विचारलं, "मावशी, कुनी यायचं हाय का?"

"न्हाई रं. कोन येतंय." बाईंनी एक कप त्याच्याकडे सरकवला. मग म्हणाल्या, "गाडी वळनावरनं फिरली की वाटतं, हे आले. दारात दुसराच मानूस उतरतो, त्ये मला म्हाईत असतंय. पर वळनापासनं दारापत्तूर तेवढं माजं असतंय. आज फिरलीच न्हाई, तरी च्या टाकला बग मी."

जयसिंग खाली बसला आणि तो गार चहा प्यायला. तापवून देते म्हटलं तर नको म्हणाला. बाईंनी उरलेली सगळी बाटली माझ्या टाकीत रिकामी केली. गाडी परत घ्या, असं तो म्हणाला नाही. म्हणू शकत नव्हता, त्याच्या घरी खाणारी तोंडं होती. तो मला घेऊन गेला.

त्या रात्रीपासून मी या पत्र्याखाली आहे. दुधाचे कॅन वाहिले, ओझी वाहिली. पण मित्रांनो, पुढच्या रविवारी काय झालं ते ऐका. दुपारी जयसिंगने मला पुसलं आणि वाकडी वाट करून पौड रस्त्याला घेतलं. वळणावर मी कच्चून ओरडले. दारात पोचलो तर स्टोव्ह फरफरत होता. जयसिंग उतरला आणि चेहरा गंभीर करून म्हणाला, "मावशी, घासाघीस ऱ्हायली आपली. पन्नास रुपये कमी करा."

अनुसयाबाईंनी त्याच्याकडे बघितलं. मग पदर खोचून म्हणाल्या, "एक पै कमी हुनार न्हाई. बस, च्या घे."

पुढे जवळजवळ दर रविवारी तो पन्नास रुपये कमी करून मागायचा आणि बाई नाही म्हणायच्या. तो मला नावं ठेवायचा, बाई माझी बाजू घेऊन भांडायच्या. माझ्यासाठी इतकं कुणी भांडलं नव्हतं. ती तीन वर्षं मी म्हशीशीसुद्धा नीट वागले.

गेल्या दिवाळीत अनुसयाबाई ओट्यावरून पडल्या, आणि लेक त्यांना नाशिकला घेऊन गेली. तिसरा मजला आहे म्हणे. आम्ही निरोपाला गेलो तेव्हा त्यांनी माझ्या सीटवर हात ठेवला, भिकाजींनी ठेवला होता तिथेच, आणि जयसिंगला बजावलं की विकायची झाली तर सहा हजाराच्या खाली द्यायची नाही. जयसिंगने नवी गाडी घेतली. मला विकायला काढलं, आणि किंमत सांगतो सहा हजार.

परवा हिंजवडीचा एक माणूस आला होता. सहा हजार ऐकून हसला, तरी गंमत म्हणून चक्कर मारून बघतो म्हणाला. मी रस्त्याच्या टोकापर्यंत गेले, तिथून घराकडे फिरले, आणि अंगात होता नव्हता तेवढा आवाज केला. परत आले तेव्हा म्हैस रवंथ करत होती. बाकी कुणी मान वर करून पाहिलं नाही. मला फार वाईट वाटलं.

म्हणून मित्रांनो, एवढं ऐका. तुम्ही मोठे व्हाल, कधीतरी कुणाच्या दारात जुनी गाडी बघायला जाल. किंमत अवाच्या सवा सांगितली तर हसत माघारी फिरू नका. एक चक्कर मारा. परत येताना जरा रेस द्या, घरात ऐकू जाईल अशी. आणि किंमत पटली तरी लगेच बरं म्हणू नका. निदान एक कप चहा होईपर्यंत घासाघीस करा.